आठच फूट

जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात ढोलकी वाजली की माणसं माना वर करतात. दोरावरच्या पोरीचा बाप मात्र एकदाही वर बघत नव्हता, म्हणून मी थांबलो.

बांबूच्या दोन कैच्या, त्यांवरून दोर, दोन्ही टोकांना जमिनीत पहारी. चहा उकळेस्तोवर सगळं उभं. वेळ गेला तो पहारीपाशी. डांबरात ती रुतेना, म्हणून त्याने कडेची माती शोधली. ठोकली, हलवून पाहिली, उपटली, वीतभर मागे पुन्हा ठोकली. मग कैचीचे पाय जवळ सरकवून दोर ताणला.

"किती उंच?"

"आठ फूट, साहेब. आठच."

पोर दहा-अकराची. हातात तिच्या दुपटीहून लांब बांबू. तो आडवा असला की अंग एकदम कलंडत नाही आणि तेवढ्यात पाऊल सावरता येतं. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात दोर धरून ती निघाली. मग डोक्यावर कळशा, पायाखाली सायकलची रिंग, गुडघ्याखाली परात. दोर हिंदकळला की बापाचा हात पहारीवर.

तिला बघताना फिलिप पेती आठवला. ७ ऑगस्ट १९७४ ला तो न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमधल्या तारेवर चालला. उंची ४०० मीटरहून जास्त, परवानगी नाहीच. साथीदारांनी रात्री बाणाने दोरी पलीकडे सोडून तिच्यामागून पोलादी तार ओढली होती. पाऊण तास तो वर होता. पोलिसांनी धरलं खरं, पण मुलांसाठी एक खेळ कर, एवढ्या बोलीवर गुन्हे मागे घेतले. इकडे आपल्या राज्याचा १९५९ चा भिक्षा प्रतिबंध कायदा चव्हाट्यावर नाचून, गाऊन, कसरती करून पैसे मागणं भिकेतच मोजतो. पोरीने शाळेत असावं, यात वाद नाही. पण पहार दोनदा ठोकणाऱ्या माणसाला भिकारी म्हणायचं?

परात फिरली तशी निम्मी गर्दी पांगली. उरलेल्यांसाठी ढोलकीवर क्यूआर कोड चिकटवला होता.

खाली गादी का नाही, विचारलं. "आठ फुटाला कसली गादी?" तो हसला. दोर गुंडाळताना त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

"तुम्हीही चालायचात?"

"मिसरूड फुटेपर्यंत."

"आणि हात?"

"पहार सुटली. पावसाची माती होती." मग दोर खांद्यावर टाकत म्हणाला, "आठच फूट होतं तेव्हापण."