हर्नियानंतरच्या वेदना : कोणता ‘ब्लॉक’ उपयुक्त?

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात ओझी उचलून पोट भरणाऱ्यांना जांघेतील हर्नियाच्या शस्त्रक्रियेपेक्षा नंतरच्या दुखण्याची धास्ती अधिक असते. पाठीतून दिलेली भूल काही तासांत उतरते आणि टाक्यांचा ठणका सुरू होतो. खोकणे, उठून बसणेही नकोसे होते. तीव्र वेदनाशामकांनी मळमळ व बद्धकोष्ठता होते. कुंथावे लागले की दुखणे आणखी वाढते. त्यावरील उपाय म्हणजे ‘नर्व्ह ब्लॉक’, अर्थात विशिष्ट मज्जातंतूंजवळ बधिरतेचे औषध सोडणे.

यातील जुना व सोपा प्रकार ‘इलिओइंग्विनल-इलिओहायपोगॅस्ट्रिक ब्लॉक’. जांघेची संवेदना वाहून नेणाऱ्या दोन शाखाच त्यात बधिर होतात. औषध कमी लागते. मात्र ते खोलवर पसरल्यास मांडी काही तास लुळी पडू शकते.

दुसरा ‘टॅप ब्लॉक’. २००१ मध्ये त्याचे प्रथम वर्णन झाले. यात पोटाच्या स्नायूंच्या दोन थरांमध्ये औषध सोडतात. पोटाच्या भिंतीचा मोठा भाग बधिर होतो. आतील अवयवांची वेदना मात्र थांबत नाही.

तिसरा ‘क्वाड्रेटस लंबोरम ब्लॉक’. कमरेच्या स्नायूलगत दिलेल्या या ब्लॉकचा परिणाम अधिक काळ टिकू शकतो. तथापि जागा खोल असल्याने कौशल्य लागते आणि पायात अशक्तपणा येण्याची शक्यता असते.

थोडक्यात, सर्वांसाठी एकच ब्लॉक श्रेष्ठ नाही. जांघेतील लहान छेदाच्या शस्त्रक्रियेला पहिला बहुधा पुरेसा ठरतो. बेंबीच्या हर्नियाला मात्र ‘रेक्टस शीथ’ हा वेगळा ब्लॉक लागतो. सोनोग्राफीच्या साह्याने सुई दिसत असल्यास अचूकता वाढते. पण गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार सोनोग्राफी यंत्राची नोंदणी बंधनकारक असल्याने लहान रुग्णालयांत ही सोय असेलच असे नाही. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व कराडची कृष्णा वैद्यकीय संस्था येथे भूलशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते.

ब्लॉकचा अंमल साधारणत: ६ ते १२ तास टिकतो. तो उतरण्यापूर्वीच डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सुरू कराव्यात. पाय बधिर वाटत असल्यास आधाराशिवाय उठू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते आधीच सांगावे. शस्त्रक्रियेनंतर सुमारे १० टक्के रुग्णांना दीर्घकाळ वेदना राहतात. त्या टळतील याची हमी ब्लॉक देत नाही. दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकल्यास सर्जनना पुन्हा दाखवावे.

शस्त्रक्रियेपूर्वी ‘टाके कोण घालणार’ याबरोबरच ‘दुखू नये म्हणून काय करणार’ हेही भूलतज्ज्ञांना जरूर विचारावे.