गंजावर साबणाचे भाऊबंद

विहिरीतून खनिज तेल सहसा एकटं वर येत नाही. त्याच्यासोबत खारं पाणी, वाळू आणि बऱ्याचदा कार्बन डायऑक्साइडही येतो. हा वायू पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं आणि पोलादी नळ आतून झिजायला लागतो. मुंबई हायचं तेल समुद्रतळावरून उरणला येतं. तसल्या नळात शिरून रंग कोण मारणार? म्हणून अशा वाहिन्यांमध्ये प्रवाहातच औषध सोडतात, दहा लाख भागांत दहा-वीस भाग एवढंच. ते असतं साबणाच्या भाऊबंदांपैकी, म्हणजे सर्फॅक्टंट.

या रेणूच्या डोक्याला पाणी मानवतं, लांब शेपटीला तेल. कपडा धुताना शेपूट डागात घुसते. पोलादावर मात्र डोकं धातूला चिकटतं आणि शेपूट बाहेर राहते. असे असंख्य रेणू दाटीने उभे राहिले की दोन-तीन नॅनोमीटर जाडीचा तेलकट पडदा तयार होतो. पाणी धातूपर्यंत फारसं पोचत नाही.

यात एक गंमत आहे. आम्लात पोलादाचा पृष्ठभाग सहसा धनभारित असतो. इमिडॅझोलिन किंवा क्वाटर्नरी अमोनियम या नेहमीच्या औषधांचं डोकंही तिथे धनभारितच. मग ती एकमेकांना जवळ कशी करतात? मध्यस्थी करतो क्लोराइड. ऋणभारित क्लोराइड आधी पोलादावर बसतो आणि त्याच्यावर औषधाचं डोकं टेकतं. पोलादाचा एरवीचा वैरी इथे कामी येतो!

डोस वाढवला की गुण वाढेल, हा हिशेब ठरावीक मर्यादेपर्यंतच चालतो. सीटॅब नावाचा सर्फॅक्टंट घ्या. शुद्ध पाण्यात लिटरमागे साधारण एक तृतीयांश ग्रॅमच्या पुढे गेलं की जादा रेणू शेपट्या आत वळवून गोळे करून तरंगत राहतात. पडदा तेवढाच राहतो, खर्च मात्र वाढतो. वर फेस होतो, आणि तेल-पाण्याचं असं दुधाळ मिश्रण होतं की वेगळं करताना नाकी नऊ येतात.

माझ्या मते खरा प्रश्न डोसचा नाहीच. औषध पोलादापर्यंत पोचतं का, हा आहे. मार्च 2006 मध्ये अलास्कातल्या प्रूडो बे इथे बीपी या तेलकंपनीच्या वाहिनीला आतून गंजून छोटंसं भोक पडलं आणि सुमारे 8 लाख लिटर तेल बर्फाळ जमिनीवर सांडलं. गंज रोखणारं औषध तिथेही वापरात होतं. पण संथ प्रवाहात तळाशी गाळ साचला होता. गाळाखालच्या पोलादाला औषध मिळत नाही, आणि जिवाणूंना मात्र तिथे आयता आसरा मिळतो. नळ आतून खरवडणारं ‘पिग’ नावाचं यंत्र त्या वाहिनीत 1998 नंतर फिरलंच नव्हतं.