क्ले पिजन नेमबाजीतील हलकी काडतुसे

क्ले पिजन नेमबाजीत हवेत फेकलेल्या ठिसूळ तबकडीवर छर्‍याच्या बंदुकीने नेम साधला जातो. या खेळात 28 ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाचे छर्रे असलेल्या काडतुसांना सामान्यतः हलकी काडतुसे म्हणतात. बंदुकीचा धक्का कमी व्हावा, हा त्यांच्या वापरामागील मुख्य हेतू असतो.

पार्श्वभूमी

प्रारंभी हा खेळ जिवंत कबुतरांवर खेळला जाई. पुढे काचेचे गोळे व 1880 नंतर भाजलेल्या मातीच्या तबकड्या आल्या. आजची तबकडी चुनखडीची भुकटी व डांबरसदृश पदार्थ यांची असते. ऑलिंपिक खेळांसाठीच्या तबकडीचा व्यास सुमारे 110 मिलिमीटर व वजन सुमारे 105 ग्रॅम असते. तबकडी मातीची राहिली नसली, तरी ‘क्ले पिजन’ म्हणजे ‘मातीचे कबूतर’ हे नाव टिकून राहिले. ट्रॅप हा प्रकार 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, तर स्कीट हा प्रकार 1968 मध्ये ऑलिंपिकमध्ये आला.

काडतुसाची रचना

काडतुसाच्या बुडाशी पितळी किंवा पोलादी टोपण असते व त्याच्या मध्यभागी ठिणगी देणारी टोपी बसवलेली असते. त्यावर दारू, मग प्लॅस्टिकची किंवा नमद्याची डाट आणि सर्वांत वर छर्रे अशी मांडणी असते. ‘बारा बोअर’ या नावाचा काडतुसाच्या वजनाशी संबंध नाही. एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले, तर त्यांतील एका गोळ्याच्या व्यासाइतका त्या नळीचा व्यास असतो. तो सुमारे 18.5 मिलिमीटर भरतो. त्यामुळे एकाच बारा बोअर बंदुकीत 24, 28 किंवा 32 ग्रॅम छर्‍यांची काडतुसे वापरता येतात.

नियम

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पूर्वी 32 ग्रॅम छर्‍यांची काडतुसे चालत. ही मर्यादा पुढे 28 व 1990 च्या दशकात 24 ग्रॅमवर आली. तफावत धरून छर्‍यांचे वजन 24.5 ग्रॅमपेक्षा, छर्‍याचा व्यास 2.6 मिलिमीटरपेक्षा आणि उडवलेल्या काडतुसाची लांबी 70 मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये मिळवलेले रौप्यपदक 24 ग्रॅमच्या मर्यादेच्या काळातील आहे.

धक्क्याचे गणित

छर्रे जितक्या संवेगाने पुढे जातात, तितक्याच संवेगाने बंदूक मागे येते. 28 ग्रॅम छर्रे सेकंदाला 400 मीटर वेगाने सुटले, तर केवळ छर्‍यांमुळे 3.5 किलोग्रॅमच्या बंदुकीला सेकंदाला 3.2 मीटर वेग मिळतो. 24 ग्रॅमसाठी हा वेग सुमारे 2.7 मीटर असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने खांद्यावर येणारी ऊर्जा सुमारे एकचतुर्थांशाने घटते. दारूचे वायू व डाट यांमुळे प्रत्यक्ष धक्का याहून मोठा असतो.

ट्रॅपच्या पात्रता फेरीत 125 तबकड्या असतात आणि प्रत्येकीवर दोन बार काढण्याची मुभा असते. जोरदार धक्का वारंवार बसल्यास खांदा दुखतो. त्याहून हानिकारक म्हणजे खटका दाबण्यापूर्वीच दचकण्याची सवय जडते आणि ती मोडणे अवघड जाते. नवशिके, किशोरवयीन व वृद्ध नेमबाज यांना म्हणूनच हलक्या काडतुसांचा विशेष लाभ होतो.

छर्‍यांची संख्या व फैलाव

2.4 मिलिमीटर व्यासाचे शिशाचे छर्रे 28 ग्रॅममध्ये सुमारे 350, तर 24 ग्रॅममध्ये सुमारे 300 बसतात. हलक्या काडतुसात छर्रे कमी असल्याने फैलाव काहीसा विरळ होतो. त्याची भरपाई नळीच्या तोंडाचा चोक आवळून किंवा जवळच्या तबकड्यांसाठी बारीक छर्रे निवडून करता येते. स्कीटमध्ये अंतर कमी असल्याने 2 मिलिमीटरचे छर्रे प्रचलित आहेत. 24 ग्रॅममध्ये ते 500 हून अधिक भरतात.

निवडीचे निकष

केवळ छर्‍यांचे वजन पाहणे पुरेसे नाही. सेकंदाला 430 मीटर वेगाच्या 24 ग्रॅम छर्‍यांचा संवेग 369 मीटर वेगाच्या 28 ग्रॅम छर्‍यांइतकाच असतो. म्हणून वेगही पाहावा लागतो. बंदूक हलकी असेल, तर धक्का वाढतो. काही स्वयंभरण बंदुका अतिहलक्या काडतुसांवर नीट चालत नाहीत.

जुन्या बंदुकांबाबत अधिक दक्षता लागते. 65 मिलिमीटरच्या कोठीत 70 मिलिमीटरचे काडतूस पुष्कळदा सहज बसते. परंतु उडताना त्याचे तोंड पुरेसे उलगडत नाही व दाब धोकादायक पातळीवर जातो. बंदुकीची कोठी व काडतुसाच्या खोक्यावरील लांबी पडताळणे त्यामुळे अनिवार्य ठरते. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून अडकते. त्यामागून दुसरे उडवल्यास नळी फुटू शकते. छर्रे सुमारे 200 मीटरपर्यंत जाऊ शकतात, हेही मैदान निवडताना ध्यानी घ्यावे लागते.

कामठी व महाराष्ट्र

कामठी ही 1821 मध्ये वसलेली छावणी आहे. येथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल केंद्र व राष्ट्रीय छात्रसेनेची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे. छात्रसेनेतील नेमबाजीचा पाया .22 रायफलीवर घातला जातो. या रायफलीला धक्का जवळजवळ नसतो. तेथून बारा बोअरकडे वळणार्‍यास हा फरक प्रथम जाणवतो, म्हणून आरंभ हलक्या काडतुसांनी करणे श्रेयस्कर ठरते.

बारा बोअरची काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होतात. हा कारखाना 1869 मध्ये स्थापन झाला असून 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीचा भाग आहे.

विदर्भात बारा बोअर बंदूक दीर्घकाळ शिकारीशी निगडित होती व मोठ्या सावजासाठी जड काडतुसे वापरली जात. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर शिकारीचा मार्ग बंद झाला. तबकडीला मात्र फोडण्यापुरते दोन-चार छर्रे लागले, तरी पुरे होते. बंदूक व काडतुसे बाळगण्यास शस्त्र अधिनियम, 1959 व शस्त्र नियम, 2016 यांनुसार परवाना आवश्यक असतो.