साखळी स्पर्धेतील न्याय: वाशिमच्या सहा तालुक्यांपासून रणजी करंडकापर्यंत

क्रिकेट स्पर्धेतील न्याय म्हणजे पंचांचा निःपक्षपातीपणा, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी कोणता संघ कोणाशी किती वेळा खेळणार, कोणत्या निकालाला किती गुण मिळणार आणि गुण समान झाल्यास पुढे कोण जाणार, हे नियमावलीने पहिला चेंडू पडण्यापूर्वीच ठरवलेले असते. आणि त्या नियमावलीतच खोट असेल, तर उत्तमातील उत्तम पंचही ती भरून काढू शकत नाही.

न्याय आणि समानता या दोन गोष्टी येथे वेगळ्या ठेवाव्या लागतात. इतिहासावर बेतलेल्या डावपेचांच्या संगणकीय खेळांत प्रत्येक राज्याची सुरुवात मुद्दाम विषम ठेवलेली असते. वाकाटक राजघराण्याच्या काळावर असा खेळ रचला, तर रामटेकजवळच्या नंदिवर्धनची शाखा आणि वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशिमची शाखा, यांच्या वाट्याला वेगवेगळा मुलूख आणि वेगवेगळे शेजारी येतील, आणि त्या विषमतेतच खेळाची गोडी असेल. मात्र याच राज्यांच्या नावांनी एखादी क्रिकेट लीग भरवायची झाली, तर संघांचे बळ समान करणे हे आयोजकांचे काम ठरत नाही. संघांमधील फरक मैदानावर दिसावा, पण स्पर्धेच्या रचनेने त्यात स्वतःची भर घालू नये, एवढेच त्यांना पाहावे लागते.

वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावसारख्या गावांत टेनिस बॉलच्या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने, म्हणजे हरलेला संघ तेथेच स्पर्धेबाहेर जाईल अशा रीतीने, भरवल्या जातात, कारण हातात दिवस थोडे असतात आणि मैदान एकच असते. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या जिल्ह्यातील सहा तालुक्यांचे सहा संघ धरले, तर बाद पद्धतीत अवघ्या 5 सामन्यांत विजेता मिळतो. परंतु त्यासाठी दोन संघांना न खेळताच पुढे चाल द्यावी लागते, चिठ्ठी कोणाची निघाली यावर बरेच काही अवलंबून राहते आणि एखाद्या चांगल्या संघाची वाटचाल एका वाईट षटकापायी संपते. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ उरलेल्या पाचही संघांशी खेळतो. त्यामुळे सामने 15 होतात, खर्च आणि दिवस वाढतात, पण एखाद्या दिवसाच्या दुर्दैवाचे वजन तेवढेच कमी होते.

हे 15 सामने कोणाचाही पक्षपात न करता लावण्याची सोपी रीत आहे. सहा नावे तीन-तीनच्या दोन ओळींत अशी लिहावीत, की वरच्या ओळीत वाशिम, मालेगाव, रिसोड आणि त्यांच्या खाली अनुक्रमे मानोरा, कारंजा, मंगरूळपीर येतील. वरखाली आलेले संघ पहिल्या फेरीत एकमेकांशी खेळतात. त्यानंतर वाशिमला जागेवर स्थिर ठेवून उरलेली पाच नावे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक घर सरकवली, की दुसऱ्या फेरीत वाशिम-कारंजा, मानोरा-मंगरूळपीर आणि मालेगाव-रिसोड अशा जोड्या जुळतात. पाच फेऱ्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी नेमकी एकदा गाठ पडते. संघांची संख्या विषम असेल, तर एक रिकामे नाव धरून हीच रीत वापरता येते आणि त्या नावासमोर येणाऱ्या संघाला त्या फेरीत विश्रांती मिळते.

वेळापत्रक समतोल झाले, तरी मैदानाचा प्रश्न उरतो, कारण खेळपट्टी यजमानांच्या ओळखीची असते आणि नाणेफेकीचा कौलही त्यांच्याच बाजूने लागला, तर पाहुण्या संघाचे नुकसान दुप्पट होते. यावर दोन वेगळे उपाय करून पाहण्यात आले. इंग्लंडच्या काउंटी स्पर्धेत 2016 पासून काही मोसम पाहुण्या कर्णधाराला नाणेफेकीविना थेट क्षेत्ररक्षण निवडण्याची मुभा होती. तर रणजी करंडकात 2016-17 च्या मोसमात सर्व सामने त्रयस्थ मैदानांवर खेळवले गेले. दुसऱ्या उपायाने यजमानपदाचा लाभ नाहीसा झाला खरा, पण संघ आपल्या प्रेक्षकांनाही मुकले, आणि पुढच्याच मोसमात घरच्या मैदानावरील सामने पुन्हा सुरू झाले.

गुणांची पद्धत संघांच्या खेळण्यालाच वळण लावते. रणजी करंडकाच्या साखळीत निर्णायक विजयाला 6 गुण, डावाने किंवा दहा गडी राखून मिळवलेल्या विजयाला 1 बोनस गुण, आणि सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला 3 व दुसऱ्या संघाला 1 गुण मिळतो. आघाडीपेक्षा विजयाचे मोल दुप्पट असल्यामुळे, पहिल्या डावात वरचढ ठरलेल्या संघालाही वेळ काढत बसण्याऐवजी सामना जिंकण्याचा प्रयत्न करावासा वाटतो. याउलट नियम चुकीच्या दिशेने ओढणारा असेल, तर काय घडते, हे 1999 च्या विश्वचषकात दिसले. पुढच्या फेरीत सोबत येणाऱ्या संघाविरुद्ध मिळवलेले गुणच पुढे मोजले जाणार असल्याने, वेस्ट इंडीजची धावगती सावरून तो संघ पुढे जाण्यात ऑस्ट्रेलियाचे हित होते. म्हणून मँचेस्टरला वेस्ट इंडीजविरुद्धचे 111 धावांचे सोपे लक्ष्य ऑस्ट्रेलियाने मुद्दाम संथपणे, चाळिसाहून अधिक षटके घेऊन गाठले. यात नियमभंग कोठेच नव्हता. दोष नियमाचा होता.

गुण समान झाल्यावर मर्यादित षटकांच्या स्पर्धांत निव्वळ धावगती पाहिली जाते, म्हणजे केलेल्या धावांच्या सरासरी वेगातून दिलेल्या धावांचा सरासरी वेग वजा केला जातो. यात एक बारकावा आहे: दहा षटकांच्या सामन्यात एखादा संघ सात षटकांतच 60 धावांत सर्वबाद झाला, तर त्याची धावगती सात नव्हे, पूर्ण दहा षटकांनी भागून 6 धरतात, अन्यथा बेछूट फटके मारून लवकर बाद होणाऱ्या संघाला 8.57 ची फुगवलेली धावगती मिळाली असती. रणजी करंडकात षटकांची मर्यादा नसल्याने तेथे प्रति गडी केलेल्या धावांना प्रति गडी दिलेल्या धावांनी भागून येणारा भागफल वापरतात. बरोबरी फोडणारा निकष आधी जाहीर झालेला असणे पुरेसे नाही, तो खेळाच्या गाभ्याशी जोडलेलाही असावा लागतो. 2019 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सुपर ओव्हरही बरोबरीत सुटल्यावर इंग्लंड 26 विरुद्ध 17 अशा अधिक चौकार-षटकारांवर विजेता ठरला. नियम आधीपासून लिहिलेला होता, तरीही तो पटला नाही आणि त्याच वर्षी बदलला गेला.

स्पर्धेच्या दीर्घ आयुष्यात आणखी एक कसोटी लागते, ती म्हणजे दुबळ्या संघाला वर येण्याची वाट आहे की नाही. मुंबईत 1948 पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग अनेक विभागांत वाटलेली आहे आणि गुणतक्त्यातील स्थानानुसार संघ वरच्या किंवा खालच्या विभागात जातात. रणजी करंडकातही 2002-03 पासून एलिट (वरचा) आणि प्लेट (खालचा) असे गट पडले, आणि 1957-58 पासून या स्पर्धेत खेळणाऱ्या विदर्भाच्या वाट्याला अनेक मोसम प्लेट गट आला. 2017-18 मध्ये 28 संघ प्रत्येकी सातच्या चार गटांत विभागले गेले आणि प्रत्येक गटातील पहिल्या दोघांना उपांत्यपूर्व फेरीची सारखीच संधी मिळाली. त्याच मोसमात फैज फझलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने इंदूरला दिल्लीचा 9 गडी राखून पराभव करत पहिले विजेतेपद मिळवले, आणि पुढच्या मोसमात नागपुरात सौराष्ट्राला हरवून ते टिकवले. हे यश खेळाडूंचे आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचे. गटरचनेचे श्रेय एवढेच, की तिने त्यांच्या वाटेत अडथळा ठेवला नाही.

2024-25 चा अंतिम सामना नागपूरजवळच्या जामठ्यात अनिर्णित राहिला, आणि केरळच्या 342 विरुद्ध 379 अशा पहिल्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. केरळनेही या निकालावर आक्षेप घेण्याचे कारण नव्हते, कारण तो संघ स्वतः उपांत्यपूर्व सामन्यात एका धावेच्या आणि उपांत्य सामन्यात दोन धावांच्या अशाच आघाडीवर पुढे आला होता. एकच नियम एकाच संघाला दोनदा तारतो आणि तिसऱ्यांदा रोखतो, तरीही तो सर्वांना मान्य राहतो, यातच न्याय्य रचनेची खूण आहे. सहा तालुक्यांच्या संघांची लीग भरवणाऱ्या आयोजकांनीही आपला प्रत्येक नियम, तो आपल्याच गावाच्या संघाविरुद्ध लागू झाला तर पटेल का, या प्रश्नावर पारखून मगच छापायला द्यावा.