कर्जत-खालापूरकरांनो, सेकंड हँड गाडी घेताय? मॅन्युअल की ऑटोमॅटिक, आधी घाटाला विचारा

पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक एक्स्प्रेस कर्जतला थांबल्या की त्यांच्या मागे बँकर इंजिनं जोडली जातात. कारण पुढे बोरघाट आहे. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या रेल्वेमार्गावर सगळ्यात कठीण चढ ३७ मीटरला १ मीटर इतका आहे. तेवढ्या चढासाठी ट्रेनला मागून जोर लावावा लागतो.

रस्त्यावरचे चढ याहून खडे असतात आणि आपल्या गाडीला मागून ढकलायला कुणी नसतं. सगळा भार इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सवर येतो. म्हणून कर्जत, नेरळ, खोपोली, चौक या पट्ट्यात जुनी गाडी घेताना "मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक?" हा प्रश्न फक्त आरामाचा राहत नाही. तीन-चार लाख साठवून गाडी घेतली आणि सहा महिन्यांत गिअरबॉक्सने मान टाकली, तर घराचं बजेट कोलमडतं.

मग घ्यायची कुठली? टप्प्याटप्प्याने बघू.

"ऑटोमॅटिक आहे" म्हणजे नेमकं काय आहे?

विकणारा फक्त "ऑटोमॅटिक आहे" म्हणतो. पण भारतातल्या जुन्या बाजारात चार वेगवेगळ्या प्रकारचे ऑटोमॅटिक मिळतात आणि घाटात चौघांचा स्वभाव वेगळा असतो.

पहिला प्रकार एएमटी. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरियो आणली आणि स्वस्त ऑटोमॅटिकची लाट आली. मारुती याला एजीएस म्हणते, रेनोने क्विडमध्ये ईझी-आर असं नाव दिलं. यात आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लच प्लेटही तीच. फरक एवढाच की क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्या पायाऐवजी मशीन करतं. म्हणजे यात क्लच झिजतोच, फक्त झिजतोय हे पायाला कळत नाही.

दुसरा टॉर्क कन्व्हर्टर. यात इंजिनाची ताकद ऑइलच्या माध्यमातून गिअरबॉक्सकडे जाते. जुन्या आय-टेन ऑटोमॅटिकमध्ये, २०२० च्या पेट्रोल ब्रेझामध्ये हाच प्रकार आहे. पेट्रोल थोडं जास्त पितो, पण चढावर थांबून पुन्हा निघायला सगळ्यात निवांत.

तिसरा सीव्हीटी. होंडा अमेझ, सिटी, २०२२ च्या आधीची बलेनो ऑटोमॅटिक. यात ठरावीक गिअर नसतात, दोन पुली आणि त्यांच्यात पट्टा. शहरात लोण्यासारखी चालते. चार माणसं, सामान आणि सलग चढ असला की इंजिन ओरडतं आणि वेग मात्र हळूहळू वाढतो.

चौथा ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी किंवा डीएसजी. पोलो जीटी टीएसआय, व्हेन्यू टर्बो वगैरे. चालवायला सगळ्यात मजेदार. पण यातल्या अनेक गाड्यांत ड्राय क्लच असतो आणि चढावरच्या ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या वेगाने सरकताना तो तापतो. दुरुस्ती निघाली तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

किलोमीटर कमी, म्हणजे गाडी चांगली?

इथेच बरेच जण फसतात. आपल्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच मुंबई, ठाणे, नवी मुंबईतून येतात. मीटरवर ४० हजार किलोमीटर दिसतात आणि आपण खूश होतो.

पण मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दहा किलोमीटरला तास लागतो. त्या तासाभरात क्लच किती वेळा सुटला आणि लागला असेल? याउलट, खोपोली-पुणे ये-जा करणारी गाडी एकदा टॉप गिअरला लागली की क्लचला सुट्टी. त्यामुळे ७० हजार चाललेल्या हायवेच्या गाडीचा क्लच ४० हजार चाललेल्या शहरी गाडीपेक्षा धडधाकट असू शकतो. मॅन्युअल आणि एएमटी, दोघांनाही हे लागू आहे.

म्हणून "किती चालली?" याच्या जोडीला "कुठे चालली?" हेही विचारा. सर्व्हिसची बिलं मागा. क्लच कधी बदलला, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं, हे त्यात दिसलं पाहिजे. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ऑइल हाच जीव आहे. ते काळं पडलं असेल, जळका वास येत असेल, तर गाडी सोडून द्या.

चढावर नेल्याशिवाय पैसे देऊ नका

डीलर सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतो. तुम्ही चढ शोधा. एक्स्प्रेसवे आणि घाटाचा वर्दळीचा भाग टाळा. गावाजवळची एखादी शांत चढण किंवा सोसायटीचा उभा रॅम्पही चालतो. गाडी आधी गरम करून ठेवू नका, असं सांगा. थंड इंजिनावर दोष लवकर दिसतात.

मॅन्युअल असेल तर चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतोय. पेडल अगदी वर आल्यावर गाडी उचलत असेल, तरी तोच अर्थ.

एएमटी असेल तर चढावर थांबा, मागे कुणी नाही हे बघा आणि ब्रेक सोडा. गाडी किती मागे येते? नंतरच्या अनेक मॉडेलमध्ये हिल होल्ड आहे, ते दोनेक सेकंद गाडी धरून ठेवतं. जुन्यांत नसेल तर हँडब्रेकची सवय लागेल. एएमटी चढावर अ‍ॅक्सिलरेटरने कधीच तोलून धरू नका, क्लच जळतो.

बाकी प्रकारांत ब्रेकवर पाय ठेवून पी, आर, डी असा लिव्हर फिरवा. गिअर लागायला वेळ लागला, मोठा धक्का बसला किंवा हळू निघताना गाडी थरथरली, तर सावध व्हा.

चढापेक्षा उतार महत्त्वाचा

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. कारण खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. सतत ब्रेक दाबत उतरलं की ब्रेक तापतात आणि नेमके गरजेच्या वेळी कमी लागतात.

ऑटोमॅटिक डीमध्ये ठेवून उतरलात तर अनेकदा ती वरचा गिअर टाकते आणि हा आधार कमी होतो. म्हणून एएमटी आणि डीसीटीमध्ये मॅन्युअल मोड, तर टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीमध्ये एल, २ किंवा एस वापरायचं. ट्रायल घेताना हा मोड खरंच गाडी रोखतो का, ते उतारावर तपासा. न्यूट्रलमध्ये घाट उतरणं तर कुठल्याच गाडीत नको.

बंद पडली तर?

नेरळ स्टेशनबाहेरच्या माथेरानच्या टॅक्सी आठवा. दस्तुरी नाक्यापर्यंतचा तो उभा, वळणांचा घाट दिवसातून अनेक वेळा चढणाऱ्या ओम्नी आणि इको. दोन्ही मॅन्युअल. चढावर कुठला गिअर ठेवायचा हे ड्रायव्हरच्या हातात राहतं आणि दुरुस्ती गावातच होते.

मॅन्युअलचा क्लच कर्जत-खोपोलीतला कुठलाही चांगला मेकॅनिक काही हजारांत बदलून देतो. एएमटीचा क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून सेटिंग करावं लागतं. सीव्हीटी आणि डीसीटीसाठी बहुतेकदा पनवेल किंवा कल्याण गाठावं लागेल. बॅटरी उतरली तर मॅन्युअलला धक्का मारता येतो, ऑटोमॅटिकला नाही. टो करतानाही ऑटोमॅटिक फ्लॅटबेडवर चढवलेली बरी, चाकांवर ओढत नेली तर गिअरबॉक्सचं नुकसान होऊ शकतं.

आणि पाऊस विसरू नका. उल्हास नदी फुगली की काय होतं ते आपण बघतो. ऑटोमॅटिकमध्ये गिअर सांभाळणारा कॉम्प्युटर असतो, पाणी शिरलं की मोठा खर्च. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, मॅट उचला. चिखलाची रेघ किंवा कुबट वास आला तर गाडी पाण्यात उभी होती असं समजा.

मग नेमकं काय घ्यायचं?

रोज पनवेल-नवी मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये जायचं असेल, गुडघा दुखत असेल किंवा घरात नव्याने गाडी शिकणारं कुणी असेल, तर ऑटोमॅटिक घ्या. टॉर्क कन्व्हर्टर मिळाला तर उत्तम, नाहीतर हिल होल्डवाली एएमटी.

बहुतेक फिरणं गावात, शेतावर, घाटात असेल आणि अचानक निघालेला मोठा खर्च झेपणार नसेल, तर मॅन्युअल घ्या.

सीव्हीटी चालेल, पण ऑइल बदलल्याची बिलं हवीतच. वॉरंटी संपलेली डीसीटी मात्र हौस आणि शिल्लक दोन्ही असेल तरच.

आणि व्यवहार ठरवताना ५०० रुपयांसाठी कंजुषी नको. आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, स्कॅनर लावायला सांगा. त्याला मेहनताना द्या, कारण जो मेकॅनिक डीलरने दिलाय, तो डीलरचा असतो.