स्फटिकातला उपयुक्त असमतोल

खडीसाखर कशी होते हे बहुतेकांना ठाऊक असते. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडून ठेवला की काही दिवसांत त्याच्याभोवती खडे धरू लागतात. पाकात न मावणारी साखर बाहेर पडते आणि तिचे रेणू शिस्तीने एकमेकांलगत बसतात. सेंद्रिय स्फटिक वाढविण्याचे शास्त्र मुळात एवढेच. मात्र प्रकाशशास्त्रज्ञाला हवा असलेला स्फटिक प्रकाशाचा रंगच बदलणारा असावा लागतो.

१९६० साली पहिला लेसर तयार झाला. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात फ्रँकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसरकिरण क्वार्ट्‌झमधून पाठविला. पलीकडे त्याच्या जोडीला ३४७ नॅनोमीटरचा, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा, अदृश्य जंबुपार किरणही मिळाला. तो इतका क्षीण होता की छायाचित्रातला त्याचा ठिपका छपाईच्या वेळी डाग समजून पुसला गेला, असे सांगतात!

हे घडते कसे? साधा प्रकाश पदार्थातील इलेक्ट्रॉनांना झोके देतो, तेव्हा ते दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखेच झुलतात. लेसरचा जोर पडला आणि रेणूची घडण एकांगी असली, तर ते एका बाजूला अधिक कलतात. या तिरक्या झोक्यातून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश निघतो. परंतु स्फटिकात प्रत्येक रेणूसमोर उलट तोंडाचा जोडीदार बसला असेल, तर एकाचे काम दुसरा खोडून काढतो.

खरी अडचण येथेच आहे. पॅरा-नायट्रोॲनिलीनचा सुटा रेणू या कामी मोठा गुणी. त्याचे एक टोक इलेक्ट्रॉन देते, दुसरे ओढून घेते. पण स्फटिकात हे रेणू उलटसुलट जोड्यांनी बसतात आणि फळ शून्य! त्याच रेणूला योग्य जागी एक मिथिल गट जोडला की जुळणी बदलते व प्रभावी स्फटिक मिळतो.

१९६८ साली कुर्ट्‌झ आणि पेरी यांनी सोपी चाचणी सुचविली. पदार्थाची पूड करून तिच्यावर लेसर सोडावयाचा. १०६४ नॅनोमीटरच्या अदृश्य किरणाखाली ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश उमटला, की पदार्थ उपयोगी. सेंद्रिय पदार्थांची तुलना बहुधा युरियाशी करतात. शेतात टाकतो तोच युरिया. साखरेची पूडही या परीक्षेत मंदपणे उतरते.

त्यानंतर खरी तपश्चर्या सुरू होते. संपृक्त द्रावण गाळून, झाकणाला बारीक छिद्रे पाडून, ते स्थिर तापमानात ठेवतात. लहानसा निर्दोष खडा बीज म्हणून सोडतात आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहतात. घाई केली की खडा गढूळ होतो वा तडकतो. तयार झालेल्या स्फटिकाची रेणुरचना क्ष-किरणांनी तपासतात. पारदर्शकता, कठीणपणा आणि उष्णता सोसण्याची ताकदही पाहतात.

या शेवटच्या कसोट्यांत सेंद्रिय स्फटिक अनेकदा मागे पडतात. ते मऊ असतात, कित्येक ओलावा शोषतात. म्हणून हिरव्या लेसर-पॉइंटरमध्ये सामान्यतः असेंद्रिय स्फटिक असतो. तरीही टेराहर्ट्‌झ लहरी निर्माण करण्यासाठी काही सेंद्रिय स्फटिक आज मोलाचे ठरले आहेत.

सौंदर्य म्हणजे समतोल, असे आपण कलाशाखेचे विद्यार्थी शिकत आलो. येथे मात्र पूर्ण समतोल साधलेला स्फटिक या कामी मुका राहतो; जो एका बाजूला किंचित झुकतो, तोच नवा रंग देतो.