सुरणाची खाज आणि एरिश्शेरीतले खोबरे

केरळात ओणमच्या सद्येत, म्हणजे केळीच्या पानावर वाढल्या जाणाऱ्या शाकाहारी भोजनात, मानाचे स्थान असलेली एरिश्शेरी ही भाजी सुरणाची किंवा लाल भोपळ्याची करतात. सुरणाला कंदमूळ म्हटले जात असले, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते मूळ नसून घनकंद, म्हणजे अन्नसाठ्याने फुगलेले भूमिगत खोड आहे. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाच्या नाजूक त्वचेत रुतल्याने खाज सुटते. कोकणात यावर चिंच किंवा आमसूल घालतात. परंतु हे स्फटिक अशा सौम्य आम्लांत फारसे विरघळत नसल्याने सारे श्रेय आंबटाला देणे घाईचे ठरेल, कारण कंद पुरेसा शिजणे अधिक महत्त्वाचे असते. शिजताना त्यातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि फोडी मऊ होतात.

मग जिऱ्यासह वाटलेले ओले खोबरे मिसळतात. खरी लज्जत मात्र शेवटी येते: खोबरेल तेलात तांबूस परतलेल्या खोबऱ्यातील शर्करा व अमिनो आम्ले यांच्यात मैलार्ड अभिक्रिया, म्हणजे पदार्थाला तपकिरी रंग व खमंग गंध देणारी रासायनिक प्रक्रिया, घडलेली असते आणि हे खोबरे मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीसह भाजीवर पसरतात.